सोमवारची कॉफी

शिवप्रिया : नाही मामा, 'शुद्ध' हा शब्द मी लेबलावर घालणार नाही.

गुंडप्पा : का बरं? हाटेलाच्या बोर्डावर बावीस वर्षं त्योच शब्द हाय. ऊन लागलं, पाऊस लागला, उसाची ट्रॉली घासून गेली, पर शब्द जागचा हलला न्हाय. आन तू सून होऊन चार म्हैने झाले न्हाईत, तर त्येला काढायला निघालीस.

शिवप्रिया : बोर्ड तुम्ही रंगवलाय, त्याचं तुम्ही बघा. पाकिटाच्या परवान्यावर नाव माझं आहे. उद्या पुण्यात कुणी विचारलं, बाई, हे काय छापलंय, तर उत्तर मला द्यायचंय.

गुंडप्पा : मग दे की. सांग, आमचे सासरे गुंडप्पा, सास्तूरचे. सासूचा सख्खा भाऊ शरणप्पा चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यावर मुनशी हाय. तिथनं बी येतं, सासू भाजती, सासू दळती, सासूच करती, आन सासरे गल्ल्यावर बसून...

शिवप्रिया : गल्ल्यावर बसून काय करतात?

गुंडप्पा : माहिती देतात. गिऱ्हाइकाला कॉफीसंगं माहिती लागती. निस्ती कॉफी काय, कुणीबी दील.

शिवप्रिया : मामा, चार वाजता लोहाऱ्याच्या छापखान्यात मजकूर द्यायचाय. दोनशे पाकिटं आहेत. तुमच्या मुलानं घरून डबा भरून नेला, पुण्यातल्या एका दुकानदाराला पाजला, त्याला आवडली, म्हणून ही ऑर्डर आली. पहिल्याच पाकिटावर खोटं नको, एवढंच माझं म्हणणं.

गुंडप्पा : खोटं? पोरी, सिद्धारामची बायको हायस म्हणून ऐकून घेतलं. बाहीर जाऊन बोर्डावरची दुसरी वळ वाच.

शिवप्रिया : वाचलीय. 'भेसळ दाखवा, वर्षभर कॉफी फुकट प्या.'

गुंडप्पा : बावीस वर्षांत एक माईचा लाल पुढं आला न्हाय.

शिवप्रिया : मी भेसळ म्हणतच नाहीये. मी फक्त वजन केलं. शरणप्पामामांकडून बी आलं दहा किलो. आत्यांनी काल पाकिटात भरायला पूड दिली, ती भरली पावणेतेरा किलो. बी भाजलं की त्यातलं पाणी उडतं, ते हलकं होतं. सगळ्या जगात हलकं होतं. आपल्याच घरात जड कसं झालं?

गुंडप्पा : बरकत म्हणतात त्येला.

शिवप्रिया : बरकत लेबलावर कुठं लिहू?

गुंडप्पा : खाली, बारीक अक्षरात लिही.

शिवप्रिया : आत्या, तुम्ही तरी सांगा काहीतरी.

शांताक्का : मी ज्वारी निवडतीया. मला मधी घिऊ नका.

गुंडप्पा : तिला कशाला इचारतीस? तिला कॉफी करायची ठावं, कॉफीतलं काय ठावं? मला इचार. म्या निस्त्या वासावर सांगतो, बी कुठल्या उतारावरचं हाय.

शिवप्रिया : सांगाल?

गुंडप्पा : झोपंत सांगतो.

शिवप्रिया : मग हे दोन गिलास. दूध तेच, साखर तीच. एकात आपली रोजची कॉफी आहे. डोळे मिटा. हा पहिला.

गुंडप्पा : आण. ... हां. ही आपली. बघ, जिभंवर कशी बसली. जड हाय, गोड हाय, आन मागनं यक खमंग वास येतुया. आमचा आण्णासाहेब रोज पाच वाजता त्या बाकड्यावर बसून म्हणतो, गुंडप्पा, तुझ्या कॉफीत चिकमगळूरच्या डोंगराचा वास हाय. पंचवीस एकराचा मालक हाय त्यो, उगं बोलत न्हाय.

शिवप्रिया : आता हा दुसरा.

गुंडप्पा : ... ही सोमवारची.

शिवप्रिया : सोमवारची म्हणजे?

गुंडप्पा : आगं, सोमवारी माझा उपास. दिसभर निस्ती कॉफी. उपासानं जीभ मरती माणसाची. दर सोमवारी कॉफी अशीच लागती, पातळ, कडसर. वास हाय, पर पोटाला कायच लागत न्हाय. तशी ही.

शिवप्रिया : मामा, आज बुधवार आहे. मघाशी तुम्ही दोन भाकरी आणि वाटीभर आमटी खाल्लीत.

गुंडप्पा : तीन भाकरी. ... मग जीभ का मेली?

शिवप्रिया : तेच तर विचारतेय. या दुसऱ्या गिलासात शरणप्पामामांनी पाठवलेलं बी आहे. मी स्वतः भाजलं, स्वतः दळलं. कॉफीशिवाय त्यात काही म्हणजे काही नाही.

गुंडप्पा : तू करपवलं असशील.

शिवप्रिया : नाही करपवलं.

गुंडप्पा : मग ह्या पहिल्या गिलासात काय हाय?

शांताक्का : ज्वारी.

गुंडप्पा : तुझी ज्वारी ऱ्हाऊ दे बाजूला. हितं इज्जतीचा सवाल चाललाय.

शांताक्का : पहिल्या गिलासात ज्वारी हाय म्हणतीया. दोन वाट्या कॉफीला यक वाटी. काळी होस्तोवर भाजायची, पर करपू द्यायची न्हाय. दळायची येगळी. ती लाल झाकणाच्या डब्यात असती.

गुंडप्पा : लाल झाकणाच्या डब्यात सुंठ असती.

शांताक्का : तुमी कवा उघडून बघितला?

गुंडप्पा : ... कवापासनं चाललंय हे?

शांताक्का : भूकंपाच्या सालापासनं.

गुंडप्पा : शिवा शिवा. तीस वर्षांवर झाली की. म्हंजी बोर्ड रंगवायच्या आधीपासनं? आन मला बोर्ड रंगवू दिलास?

शांताक्का : मला इचारून रंगवला का? पेंटर आला, तुमी मजकूर सांगितलात, हळद-कुंकू लावायला तेवढं मला हाक मारलीत. मी म्हटलं, अहो, दुसरी वळ कशाला? तर म्हणालात, तुला धंद्यातलं कळत न्हाय.

गुंडप्पा : आन आण्णासाहेब? त्यो डोंगराचा वास?

शांताक्का : त्येंच्याच रानातली मालदांडी हाय. दर सुगीला दोन पोती त्येंच्याकडनंच घेती मी. घरची ज्वारी पितात आन डोंगराचं नाव घेतात. चवीनं पितात, मी कशाला बोलू?

शिवप्रिया : आत्या, मग सोमवारची कॉफी वेगळी का लागते?

शांताक्का : लागणारच. सोमवारी ज्वारी घालत न्हाय.

गुंडप्पा : का?

शांताक्का : अय्य, का म्हणून काय इचारता? उपासाला धान्य चालतं का? तुमी घोटभर कॉफी पिऊन दिवस काढायचा, आन मी त्येच्यात ज्वारी घालून तुमचा उपास मोडायचा? पाप कुणाच्या माथी? सोमवारी लाल डबा फळीवरनं खाली येत न्हाय. एकादशीला न्हाय, चतुर्थीला न्हाय, शिवरात्रीला न्हाय. शेजारची कस्तुराबाई चतुर्थीला चंद्र दिसंस्तोवर आपल्या दोन कॉप्यांवर असती. चुलीवरच्या भिंतीला कॅलेंडर उगं टांगलंय व्हय?

गुंडप्पा : म्या समजलो दुधाचे खाडे मांडायला.

शांताक्का : दूध घरच्या म्हशीचं हाय. खाडा कोण करणार, म्हैस?

शिवप्रिया : आणि श्रावणात?

शांताक्का : श्रावणात रोज कुणाचा ना कुणाचा उपास असतो. मग म्हैनाभर लाल डबा बंद.

गुंडप्पा : म्हणूनच. श्रावणात गिऱ्हाईक पडतं, आन म्या धा जणांना सांगत फिरलो, पावसाळी हवेनं कॉफीची चव उतरती. लोहाऱ्याच्या मास्तरानं ते वहीत लिवून घेतलंय.

शिवप्रिया : पण आत्या, घरात एवढं सगळं संभाळलंत आणि मामांनाच सांगितलं नाही?

शांताक्का : साकु, पुरं आता. जुनं काय उकरायचं.

शिवप्रिया : सांगा ना.

शांताक्का : आमी पत्र्याच्या शेडात होतो. घर गेलं हुतं, सासूबाई गेल्या हुत्या. ह्येंनी त्या दिसापासनं तोंडातनं शब्द काढला न्हवता. बावीस दिवस. भाकर दिली तर खायाचे, न्हाय दिली तर मागायचे न्हाईत. माझा भाऊ शरणप्पा भेटाया आला, पिशवीभर कॉफीचं बी घिऊन आला. गावात डाक्टर, कालेजची पोरं, कुठनं कुठनं आलेली माणसं राबत हुती. मी त्येंना कॉफी करून द्यायची. यक दिवस बी संपत आलं. मदतीची ज्वारी आली हुती, ती तव्यावर लाह्यांसाठी टाकली, आन माझं ध्यान कुठं गेलं कुणास ठावं, ज्वारी काळी झाली. त्या दिसांत दाणाबी टाकून द्यायला मन धजायचं न्हाय. म्हणून ती बी कॉफीसंगं दळली.

गुंडप्पा : ॲल्युमिनियमचा पेला हुता. कान तुटलेला.

शांताक्का : व्हय. ह्येंना दिला. प्याले. आन बावीस दिवसांनी बोलले.

शिवप्रिया : काय बोलले?

शांताक्का : 'ही खरी कॉफी' म्हणाले. आन पेला पुढं केला, आजून दे म्हणून. मी रडले, ते ह्येंना वाटलं धुरानं. आता तूच सांग, मी काय म्हणायचं? अहो, ही खरी न्हाय, करपलेली ज्वारी हाय? तवा न्हाय सांगितलं. मग रोज न्हाय सांगितलं. मग तुमी हाटेल काढलं, मग बोर्ड काढला. सांगायची जागाच ऱ्हायली न्हाय.

गुंडप्पा : शिवप्रिया, हे बाहीर जाता कामा नये.

शिवप्रिया : मामा, बाहेर जायलाच तर पाकिटं केलीत.

गुंडप्पा : तसं न्हवं. 'ज्वारी' लिवायचं न्हाय. ज्वारी म्हटलं की पुण्याचा माणूस म्हणंल, सास्तूरचे लोक भाकरी वाटून पाजतात. 'विशेष मिश्रण' लिही.

शिवप्रिया : कशाचं, ते लिहावं लागतं. आत जे जे आहे ते सगळं, जास्त असेल ते आधी.

गुंडप्पा : मग 'घरगुती मसाला'.

शिवप्रिया : ज्वारी मसाला कधीपासून झाली?

गुंडप्पा : 'मराठवाड्याच्या मातीचा गुण'.

शिवप्रिया : माती आहे म्हणून परत पाठवतील.

गुंडप्पा : इंग्रजीत लिही मग. इंग्रजीत कोण बारीक वाचत बसतंय?

शिवप्रिया : मामा, आमच्या लग्नाचा खवा आठवतो का तुम्हाला? आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारातून आणलेला?

गुंडप्पा : त्येचं हितं काय? त्या हरामखोरानं निम्मा मैदा घातला हुता.

शिवप्रिया : तुम्ही जीप करून परत वाशीला गेलात. खव्याचा गोळा हातात घेऊन भर बाजारात भाषण केलंत. तुमच्या मुलाच्या मोबाइलमध्ये अजून आहे ते. काय म्हणाला होतात?

गुंडप्पा : रागात माणूस काय बी बोलतो.

शांताक्का : 'मैदा खाऊ घालायचा तर सांगून घाल. मी मैदा म्हणून खाईन, आवडला तर आजून मागीन. पर खवा म्हणून माझ्या तोंडात मैदा कोंबू नको.' असं म्हणाला हुतात. मी जीपमधी बसले हुते. मी पदरात तोंड लपवलं हुतं.

गुंडप्पा : तू का लपवलंस?

शांताक्का : लाल डबा आठवला.

गुंडप्पा : आगं, पर आपली ज्वारी आन त्येचा मैदा यक हाय का? त्येनं वजन वाढवायला घातला. तू...

शांताक्का : पिणाऱ्याला काय ठावं, मी कशाला घातली? त्येला पाकीट दिसतंय, मी दिसत न्हाय. हितं सोमवार मी संभाळला. कॅलेंडर बघून संभाळला. पुण्यात कोण संभाळणार? तिथली कुणी कस्तुराबाई चतुर्थीला आपलं पाकीट फोडंल, तिच्या चुलीवर मी न्हाय. तिला वाचूनच कळायला पायजे. सूनबाई, लिही तू. मोठ्या अक्षरात लिही.

शिवप्रिया : लिहू ना मामा?

गुंडप्पा : ऑर्डर जाईल.

शिवप्रिया : जाईल कदाचित. मघाशी आत्या सांगत होत्या तेव्हाच मी तुमच्या मुलाला कळवलं, की दुकानात फोन करून आहे तसं सांगा. त्या दुकानदाराला शुद्ध कॉफी म्हणूनच हवी होती.

गुंडप्पा : आन मला न इचारता कळवलंस?

शांताक्का : बोर्ड रंगवताना तुमी कुणाला इचारलं हुतं?

गुंडप्पा : आज सगळं घर माझ्यावर उलटलंय. म्हैस तेवढी ऱ्हायली.

शिवप्रिया : थांबा, उत्तर आलं. 'दुकानदार म्हणतात, ज्वारी आहे हे आधी सांगितलंत ते बरं झालं. दोनशे नकोत, वीस पाठवा. ज्वारीचं प्रमाण स्पष्ट छापा. लोकांनी परत मागितली तर बघू.'

गुंडप्पा : वीस. म्हंजी यकशेऐंशी पाकिटं ज्वारीनं खाल्ली.

शिवप्रिया : शुद्ध लिहून दोनशे गेली असती आणि एकानं जरी तपासून घेतलं असतं, तर सगळी परत आली असती, आणि तुमच्यासारखा कुणीतरी हातात पाकीट घेऊन बाजारात उभा राहिला असता.

गुंडप्पा : आन ती वीस बी परत आली तर?

शिवप्रिया : तर येतील. कडू लागली म्हणून येतील, गोड लागली म्हणून येतील. फसवलं म्हणून येणार नाहीत.

गुंडप्पा : ... वाच बघू, काय लिवलंस.

शिवप्रिया : 'गुंडप्पा कॉफी, सास्तूर. घटक : कॉफी दोन भाग, भाजलेली ज्वारी एक भाग.'

गुंडप्पा : 'आण्णासाहेबाच्या रानातली' घाल. न्हाय तर त्यो रुसून बसंल.

शिवप्रिया : त्यांना आधी सांगावं लागेल मग.

गुंडप्पा : पाचाला येतोय त्यो. म्या सांगतो. डोंगराचं म्या लई जपून सांगतो. ... आन खाली यक वळ आजून घाल. 'ही कॉफी उपासाला चालत न्हाय.'

शिवप्रिया : ती घातलीच आहे. पण नाव बदलू का? कॉफी भाजतात आत्या, दळतात आत्या, ज्वारी आत्यांची. 'शांताक्का कॉफी'?

गुंडप्पा : माझ्या नावाची पाटी बावीस वर्षं...

शांताक्का : ऱ्हाऊ दे त्येंचं नाव. माझं नाव कशाला पाकिटावर? बोर्डावरनं मला दुसरं काय तरी पायजे.

गुंडप्पा : काय पायजे?

शांताक्का : भेसळ कुणी दाखवली?

गुंडप्पा : कुणी म्हंजी... तूच दाखवलीस.

शांताक्का : मग वर्षभर कॉफी.

गुंडप्पा : खुळी का काय? तू तर जलमभर फुकटच पितीस.

शांताक्का : पिती. पर करून कोण देतंय? तीस वर्षं ह्या हाटेलात सगळ्या गावाला मी करून दिली. मला आजवर कुणी आयता पेला हातात दिलेला न्हाय. तुमच्या बोर्डावर लिवलंय. आजपासनं वर्षभर सकाळची यक आन दुपारची यक.

गुंडप्पा : शिवप्रिया, ह्या वळीचा असा अर्थ निघतो का?

शिवप्रिया : मामा, बोर्डावर जे छापलंय त्याचं उत्तर छापणाऱ्यानं द्यायचं. मी मघाशीच म्हटलं होतं.

गुंडप्पा : त्या पेंटरला आणूनच पुसून टाकतो ती वळ.

शांताक्का : पुसा की. एक वर्ष झाल्यावर पुसा.

(गुंडप्पा खांद्यावरचा टॉवेल सावरत पहिल्यांदाच गल्ल्यामागून उठून आत चुलीपाशी जातात. आतून भांड्यांचा आवाज येतो. शिवप्रिया लेबलाचा कागद घडी करून छापखान्याला निघते, पण दारातच थांबते. शांताक्का हातातलं सूप खाली ठेवून बाकड्यावर गिऱ्हाइकासारखी बसते.)

गुंडप्पा : पाणी किती?

शांताक्का : पेलाभर. दूध मागनं.

गुंडप्पा : ही चूल कुणीकडनं पेटती?

शांताक्का : शेगडी हाय ती. बटन दाबा.

गुंडप्पा : पाणी उकळतंय. आता काय?

शांताक्का : पूड टाका.

गुंडप्पा : थांब, घाई करू नको. कॅलेंडर बघू दे. ... शांते, आज बुधवारच हाय ना?

शांताक्का : बुधवारच हाय.

गुंडप्पा : कुणाचा उपास न्हाय ना आज?

शांताक्का : न्हाय कुणाचा.

गुंडप्पा : मग सांग, लाल डब्यातली ज्वारी किती घालू?